एका दिव्याचा फोटो

आमच्या रेवदंड्यात फोटो चांगला आला म्हणजे चेहरा उजळ आला. बाकी काही असो. नाक वाकडं येऊ दे, हसू ओढूनताणून आणलेलं असू दे, पण चेहरा उजळ पाहिजे. बाजारातल्या आमच्या स्टुडिओत बाबांनी आयुष्यभर हेच केलं. समोरून छत्र्या लावलेले दोन दिवे, डोक्यावर ट्यूबलाइट, मागे निळा पडदा. माणूस होडीवर कितीही रापलेला असू दे, बाबांच्या फोटोत तो कधी घराबाहेर पडलेलाच नसायचा. "सावली म्हणजे डाग," असं बाबा म्हणायचे, आणि डाग दिसला की गिऱ्हाइकाला पुन्हा बसवायचे.

आता त्यांच्या खुर्चीवर मी बसते. मी एकुलती एक. सासर चौलात, म्हणजे सकाळी रिक्षेत बसलं की बोलणं संपायच्या आत दुकान येतं. नवरा रोह्याच्या एका कारखान्यात. आई गेल्यापासून बाबा दुकानाच्या मागच्या खोल्यांत एकटे राहत होते आणि दिवसभर दुकानाबाहेर खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पा हाणत होते. मी आत पासपोर्टचे, आधारकार्डाचे, शाळेचे फोटो काढायची. खरं सांगते, कंटाळा आला होता. तोच पडदा, तेच "हनुवटी वर करा", तेच "जरा गोरी कर ना गं."

अशात फोनवर एक दाढीवाला दिसला. कुठल्या देशातला कोण जाणे, बोलणं अर्धं कळायचं, अर्धं नाही. पण तो फोटो काढायचा एका दिव्यात. एकच दिवा, तोही बाजूला. चेहऱ्याचा अर्धा भाग उजेडात, अर्धा काळोखात, मागे मिट्ट काळं. आणि त्या काळोखातून माणूस असा काही वर यायचा की वाटायचं, हा आता बोलणार. मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितला. म्हटलं, हे आपल्याला आलंच पाहिजे. मी एकदा ठरवलं की माझ्या नादाला लागायचं नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे.

पहिला बकरा अर्थातच नवरा. रविवारी त्याला स्टुलावर बसवला, ट्यूबलाइट बंद केली, एक दिवा त्याच्या उजव्या अंगाला ठेवला आणि बटण दाबलं. काळोख? कसला काळोख! सगळं लख्ख. पडदा दिसतोय, भिंतीवरचं कॅलेंडर दिसतंय, कोपऱ्यातला झाडू दिसतोय. दिवा आणखी बाजूला नेला, तर नवरा एका कानाने पांढराफटक आणि बाकी होता तसाच. "झालं?" त्याने विचारलं. "गप्प बस," मी म्हटलं.

चूक माझी नव्हती, भिंतींची होती. बाबांनी दर दिवाळीला चुना मारून मारून खोली अशी पांढरी केली होती की दिवा कुठेही लावा, भिंत उजेड उचलायची आणि परत चेहऱ्यावर टाकायची. हे मला कळायला बरेच रविवार गेले. मग मी आधी काळं प्लॅस्टिक लावलं. ते चमकायला लागलं. मग घरची घोंगडी टांगली, तिचे केस फोटोत दिसायला लागले. शेवटी अलिबागहून काळं मखमल आणलं, गणपतीच्या मखराला लावतात तसलं, आणि मागे आणि दोन्ही बाजूंना सोडलं. बसणाऱ्याला पडद्यापासून दोन हात पुढे घेतलं, म्हणजे दिव्याचा उजेड मागे पोचायलाच नको. दिव्याच्या तोंडाला काळ्या पुठ्ठ्याची नळी बसवली. आता कुठे काळोख काळोखासारखा दिसायला लागला.

मग कॅमेऱ्याशी भांडण. कॅमेऱ्याला काळोख दिसला की तो बिचारा घाबरतो आणि आपल्या मनाने सगळं उजळून टाकतो, अगदी बाबांसारखा. त्याला सांगावं लागतं की बाबा रे, तू नको अक्कल चालवू, गालावरचा उजेड तेवढा सांभाळ, बाकीचं जाऊ दे काळोखात. हे जमलं. पण अजून चेहरे भीतीदायकच यायचे. डोळ्यांच्या जागी दोन खड्डे. नवऱ्याचा एक फोटो असा आला होता की पोलीस ठाण्याच्या फळ्यावर शोभला असता.

बाबा बाहेरच्या खुर्चीवरून उठून यायचे, कॉम्प्युटरवर फोटो बघायचे आणि विचारायचे, "लाइट गेली होती काय गं?"

"नाही बाबा. हा असाच असतो."

"असा अर्धा? मग पैसे पण अर्धेच घेणार की काय?" आणि हसत पुन्हा बाहेर.

मला असा राग यायचा! वाटायचं, तुम्ही ज्या छत्र्या लावून सगळ्या गावाला तांदळाच्या पिठात घोळवलंत, त्यापेक्षा हे बरं. पण बोलले नाही. एकदा बोलले, तर ते दोन दिवस जेवणात मीठ कमी आहे म्हणत होते.

जमलं ते एका दुपारी, जवळजवळ आपोआप. दिवा मी डोक्याच्या वर नेला आणि हळूहळू बाजूला सरकवत गेले. नाकाची सावली लांबत लांबत गेली आणि पलीकडच्या गालाच्या सावलीला जाऊन मिळाली. त्या काळ्या गालावर डोळ्याच्या खाली उजेडाचा एक छोटासा त्रिकोण तेवढा उरला. आणि डोळ्यात ठिणगी आली. दोन्ही डोळ्यांत. दाढीवाला इतके दिवस हेच तर सांगत होता, मला दिसत नव्हतं. मी स्टुलावर बसलेल्या माणसाला, म्हणजे नवऱ्यालाच, म्हटलं, "हलू नकोस. मेलास तरी हलू नकोस." तो फोटो अजून माझ्या फोनवर आहे. त्यात तो इतका देखणा दिसतो की मी त्याला अजून ते सांगितलेलं नाही.

हे सगळं मी हौसेने शिकत होते असं बाबांना वाटत होतं. पूर्ण खरं नव्हतं ते. आई गेली तेव्हा भिंतीवर लावायला तिचा एकही फोटो सापडला नाही. फोटोवाल्याची बायको! गावातल्या निम्म्या घरांत भिंतींवर हार घातलेले जे आजोबा-आजी आहेत, ते बाबांनी काढलेले. आणि आईचा एकही नाही. शेवटी आधारकार्डासाठी काढलेला छोटा फोटो बाबांनी मोठा केला. पसरट, पांढरा, आई घाबरल्यासारखी समोर बघते आहे. ती माझी आई नाहीच. तेव्हाच मी मनाशी म्हटलं होतं, बाबांच्या बाबतीत असं होऊ द्यायचं नाही. हे मी कुणाला बोलले नव्हते. कसं बोलणार? जिवंत माणसाच्या भिंतीवरच्या फोटोची तयारी करते आहे, असं कुठल्या तोंडाने सांगायचं?

आमच्याकडे मोठा फोटो म्हणजे तोच, हे सांगायला हवं. एकट्या म्हाताऱ्या माणसाचा मोठा, चौकटीतला फोटो फक्त एकाच कारणाने लागतो. म्हणून घरात कुणाचं मोठं ऑपरेशन ठरलं की मुलगा नाही तर सून हळूच दुकानात यायची आणि खालच्या आवाजात म्हणायची, "आजोबांचा एक नीट फोटो काढून ठेवा." बाबा काही विचारायचे नाहीत. आजोबांना बसवायचे आणि मोठ्याने सांगायचे, "सरळ बसा, पासपोर्टचा आहे." आजोबांनाही कळायचं पासपोर्टचा कसला, पण सगळे मिळून तसंच धरून चालायचे. आणि बाबांचा एक नियम होता, पक्का: माणूस आहे तोवर मोठी प्रत काढायची नाही. तो गेल्याचा निरोप आला तरच काढायची. दुकानाच्या दर्शनी खिडकीत नवऱ्या मुली, बाळं, मुंजी लागायच्या. म्हातारं माणूस एकटं त्या खिडकीत कधी लागलं नाही.

तर बाबांचीच छाती दुखायला लागली. आधी गॅस म्हणाले, मग चालणं जास्त झालं म्हणाले. अलिबागच्या डॉक्टरांनी पनवेलला पाठवलं, आणि पनवेलच्या डॉक्टरांनी सांगितलं की हृदयाच्या नळ्या बंद झाल्यात, बायपास करावी लागेल, वय बघता धोका आहे, पण न करण्यात जास्त धोका आहे. मी गाडीत सबंध रस्ता बाहेर बघत बसले. बाबा नवऱ्याला म्हणाले, "वडखळला मिसळ खाऊ. पुढे कुणी खाऊ देणार नाही." आम्ही त्यांना मिसळ खाऊ दिली नाही.

घरी आल्यावर मी हिय्या केला. म्हटलं, "बाबा, जरा बसता का? मला सराव करायचाय."

ते माझ्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं लोकांना थापा मारलेला माणूस, माझी थाप कशी पचणार?

"मोठा फोटो काढतेस काय माझा?"

"नाही हो. सराव."

"बरं," ते म्हणाले आणि आत गेले. कॅमेऱ्यासमोरच्या स्टुलावर ते पहिल्यांदाच बसत होते. हात कुठे ठेवायचे तेच त्यांना कळेना. मग स्वतःच स्वतःला मोठ्याने म्हणाले, "सरळ बसा, पासपोर्टचा आहे." मी हसले आणि त्याच दमात मला रडू फुटलं. बरं झालं, मी काळोखात उभी होते.

त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावरून आमची जुंपली. पांढरा सदराच सगळ्यात जास्त चमकतो, चेहऱ्याकडे कुणी बघत नाही. मी आईची चॉकलेटी शाल आणली आणि त्यांच्या खांद्यावर टाकली.  त्यांनी ती जरा ओढून घेतली. मी दिवा वर नेला, बाजूला सरकवला, दुसऱ्या अंगाला थर्माकोलचा तुकडा धरला, म्हणजे काळोखातली बाजू अगदीच बुडायला नको. नाकाची सावली गालाला मिळाली. डोळ्यात ठिणगी आली. आणि बाबा कॅमेऱ्याकडे नाही, दिव्याकडे बघायला लागले. धंद्याची खोड! माझा दिवा बरोबर लागलाय का ते तपासत होते. तेवढ्यात मी बटण दाबलं.

कसा आलाय म्हणून सांगू? माझाच माझ्यावर विश्वास बसेना. प्रत्येक सुरकुती दिसत होती आणि एकही वाईट दिसत नव्हती. डोळे हुशार, जरा खट्याळ. शाल, गाल, पांढरी दाढीची खुंटं आणि मागे काळोख. हे माझे बाबा. पसरट नाहीत, घाबरलेले नाहीत. मी हरखून गेले आणि अलिबागच्या लॅबला फोन करून मोठी प्रत काढायला सांगितली. बाबांचा नियम त्या क्षणी माझ्या डोक्यातून साफ गेला होता. मला तो फोटो मोठा बघायचा होता, बस्स. मी तो भिंतीसाठी काढायला बसले होते, पण एकदा निघाल्यावर तो कशासाठी काढला हेच मी विसरून गेले.

इस्पितळात भरती व्हायच्या आदल्या संध्याकाळी फोटो आला. मी धावत आत गेले. बाबा पिशवी भरत होते.

"बघा तरी!"

"आता नको गं."

"अहो एक नजर!"

"परत आल्यावर बघू," ते म्हणाले आणि टॉवेलाची घडी पुन्हा उलगडून पुन्हा घातली.

मला राग आला. भीती वाटली की मला आधी राग येतो, हा माझा जुना रोग आहे. बघणार नाही म्हणजे काय? मी खिडकीतल्या नवऱ्या मुली काढल्या, मधोमध बाबांचा फोटो लावला आणि वर एकच पिवळा बल्ब सोडला, फोटो काढताना दिवा जिथून होता तिथूनच. म्हटलं, सकाळी गाडी दुकानासमोरून जाईल, तेव्हा बघतील. बघावंच लागेल. आणि सकाळी गाडी आली, बाबा घराच्या मागच्या दाराने येऊन गाडीत बसले, मान मागे टाकली आणि डोळे मिटून घेतले. त्यांनी बघितलं नाही. मी चावी पर्समध्ये टाकली. बल्ब तसाच राहिला.

ऑपरेशनच्या दिवशी त्यांना सकाळी आत नेलं. नवरा औषधं आणायला खाली गेला होता, तो बराच वेळ आला नाही. मी बंद दारासमोरच्या खुर्चीत बसले होते. फोन वाजला. माणगावची आतेबहीण. हॅलो म्हणायच्या आत तिने हंबरडा फोडला.

"अगं, असं कसं गं झालं! आम्हाला कळवायचं तरी! मामांचं शेवटचं दर्शन..."

 मी म्हटलं, "कुणी सांगितलं तुला?"

"अगं, रेवदंड्याहूनच फोन आला. सगळ्यांना कळलंय."

आणि मला सगळं जुळलं. नवरा का येत नाही? डॉक्टरांनी त्याला खाली बोलावून सांगितलं असणार. तो मला सांगायला धजत नसणार, म्हणून त्याने आधी गावाला कळवलं. गावाला कळलं, माणगावला कळलं, आणि मी इथे दारात बसले आहे! असा संताप झाला माझा की मी उठून त्या दारावर दोन्ही हातांनी थापा मारायला लागले. दार उघडलं. हिरव्या टोपीतली नर्स बाहेर आली.

"ओ ताई! काय चाललंय? आत ऑपरेशन चालू आहे!"

"चालू आहे?"

"मग! अजून वेळ आहे. बसा तिकडे. ओरडू नका."

चालू आहे. चालू आहे म्हणजे बाबा आहेत. माझ्यावर कुणी इतकं खेकसलं आणि मला इतकं बरं वाटलं, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं. मी तिचा हात धरून थँक्यू थँक्यू म्हणत राहिले, तिला वाटलं असेल बाईचं डोकं फिरलंय.

तोवर फोनवर फोन. शाळेतल्या बाई, बँकेतला शिपाई, कुणीकुणी. मी कुणाचाच उचलला नाही. दुकानासमोरच्या चहावाल्याला मीच लावला. म्हटलं, "कुणी पसरवलं हे? नाव सांग, नाव!"

"ताई, पसरवायचं कशाला," तो बिचारा म्हणाला, "दुकान बंद. काकांचा एवढा मोठा काळा फोटो खिडकीत. वर दिवा लावलेला. रात्रंदिवस जळतोय. काका ऑपरेशनला गेलेले. मग सकाळी मासळीवाल्या मावशींनी बघितलं, रडल्या, खिडकीच्या जाळीला हार घातला. हार घातला म्हटल्यावर आम्ही काय समजायचं?"

मी तिथल्या तिथे लादीवर बसले. फोटो, दिवा, हार. आमच्या गावात याचा दुसरा अर्थ होतच नाही, आणि फोटोवाल्याची मुलगी असून ते मला कळू नये! मला हसू यायला लागलं. थांबेचना. हसता हसता रडायला लागले, रडता रडता पुन्हा हसायला. तेवढ्यात नवरा औषधांची पिशवी घेऊन जिन्याने वर आला. खाली मोठी रांग होती म्हणे. मला लादीवर रडताना बघून त्याच्या हातातली पिशवीच गळून पडली. बाटल्या फुटल्या नाहीत हे नशीब. त्याला समजावता समजावता माझी पुरेवाट झाली.

आणि मग डॉक्टर बाहेर आले, तोंडावरचा मास्क खाली घेतला आणि म्हणाले, "व्यवस्थित झालं." माझा जीव भांड्यात पडला. मी पदराने नाक पुसलं आणि नवऱ्याला म्हटलं, "जा, चहा आण. दोन आण. तीन आण."

बाबांना साध्या खोलीत आणल्यावर मी त्यांना हा किस्सा सांगितला. छातीवर उशी धरून ते हसत होते आणि कळवळत होते. "हसवू नकोस गं, टाके तुटतील." मग जरा वेळाने, "हार कसला होता?"

"झेंडूचा."

"ताजा होता ना?"

नवरा कपडे आणायला गावी निघाला तेव्हा मी त्याला चावी दिली आणि म्हटलं, आधी तो फोटो काढून टाक. बाबांनी हात वर केला. "राहू दे. मला बघायचाय."

घरी आणलं त्या दिवशी चौल सोडल्यावर बाबा सावरून बसले. बाजारात आल्यावर गाडी थांबवायला सांगितली आणि माझा हात धरून रस्त्याच्या पलीकडे उभे राहिले. खिडकीत फोटो तसाच. जाळीवर सुकलेला हार. दिवस असून बल्ब जळतच होता. बाबा बघत राहिले. चहावाला किटली घेऊन तसाच उभा. रिक्षावाले खाली उतरले. गावातली अर्धी माणसं खजील होऊन उभी होती, आणि जी नव्हती ती लांबून बघत होती.

"नाकाची सावली गालाला बरोबर मिळालीय," बाबा म्हणाले.

त्यांनी मान जरा पुढे केली. 

"डोळ्यांत दिवा आहे. कुठून आणलास?"

"एकच होता, बाबा. तुम्ही त्याच्याकडेच बघत होतात."

 ते हळू आवाजात म्हणाले, "तुझ्या आईचा असा काढायला हवा होता मी." मी त्यांचा हात घट्ट धरला. तेवढ्यात मासळीवाली मावशी टोपली खाली ठेवून पुढे आली. बाबांच्याच वयाची, आमच्या दारात रोज बोंबील घेऊन येणारी. ती फोटोकडे बघेना, बाबांकडे बघेना.

"भाऊ, माफ करा. मला वाटलं..."

"अगं, कशाची माफी? माझ्यासाठी रडलीस ना? मग झालं तर! मी गेल्यावर कोण रडणार हे किती जणांना जिवंतपणी कळतं?" बाबा म्हणाले. "हार मात्र काढ आता. सुकलाय."

सगळे हसले. मावशीही पदर तोंडाला लावून हसली आणि तिने स्वतःच हार काढला. मी फोटो काढायला पुढे झाले, तर बाबा म्हणाले, तो राहू दे. दुसऱ्या दिवसापासून ते पुन्हा दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसायला लागले, खिडकीला लागूनच. फोटोतले बाबा आत, खरे बाबा बाहेर. येणारा जाणारा एकदा इकडे बघायचा, एकदा तिकडे बघायचा आणि हसायचा. आणि हळूहळू गावात उलटंच सुरू झालं. काकांचा तो काळा फोटो काढला आणि काका परत आले, असं लोक म्हणायला लागले. आधी चिडून मी सांगायची, अहो, डॉक्टरांनी केलं ते, फोटोने नाही. मग सांगायचं सोडून दिलं.

मागच्या महिन्यात एका दुपारी तीच मावशी आली. टोपली नाही. नेसण लखलखीत, केसांत अबोली, गळ्यात सगळं सोनं. दारातच उभी राहिली.

"भाऊंचा काढलास, तसला माजा काढ. काळा."

"का गं मावशी?"

"पोटात गाठ हाय. पुढच्या हप्त्यात मुंबईला नेतायत." तिने बाबांकडे बघितलं. "भिव वाटतंय, भाऊ. परत येईन ना मी?"

बाबा खुर्चीतून उठले. मला वाटलं, आता म्हणतील, सरळ बसा, पासपोर्टचा आहे. इतकी वर्षं तेच म्हणत आले. ते म्हणाले नाहीत. तिला स्टुलावर बसवलं, तिच्या खांद्यावर चॉकलेटी शाल टाकली, अबोली दिसावी म्हणून जराशी मागे सरकवली. मी दिवा वर नेला, बाजूला घेतला. मावशीच्या सोन्यावर उजेड चमकला, चेहरा मात्र अजून सपाटच दिसत होता. काय राहिलं ते माझ्या लक्षात येईना.

बाबा भिंतीशी गेले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने ट्यूबलाइट बंद केली. खोलीत काळोख झाला आणि त्यात मावशी उजळली. नाक, गाल, डोळ्यांतली ठिणगी, सगळं.

"अशीच बस," बाबा तिला म्हणाले. "हलू नकोस. परत आलीस की दाखवतो."